दारामागची हाक

प्रिय सखे,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच फाडशील, अशी धास्ती होती. वाचते आहेस, म्हणजे फाडलं नाहीस. तुझा पत्ता तुझ्या मामांच्या हातापाया पडून मिळवला. मुलं आत्ताच घरी गेलीत आणि मी वर्गातल्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन लिहिते आहे. बालघर अजून तुमच्याच घराच्या तळमजल्यावर आहे. तोच गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा. त्यातला सगळ्यात लहान ठोकळा अजूनही कुणाच्या तरी खिशातून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी एखादी आई ओशाळून परत आणून देते. बाईंनी, तुझ्या आईनं, सँडपेपर कापून चिकटवलेली अक्षरं बोटं फिरवून फिरवून इतकी गुळगुळीत झाली होती की यंदा मी नवी केली. ‘ळ’ कापताना बोटं सोलून निघाली. सोळा मुलं आहेत, अडीच ते पाच वर्षांची. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओततात, सांडतात, आपणच पुसतात. तुझ्या आईनं घालून दिलेलं काही मोडलं नाही मी.

बाई वर, तुझ्या खोलीत असतात. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसभर एक मावशी त्यांच्यापाशी असतात. तेव्हा तुला कळवलं नाही, हा माझा गुन्हा. आणि तो एकटाच नाही.

शांततेचा खेळ आठवतो ना? मुलं चटईवर डोळे मिटून बसतात, इतकी गप्प की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. आपण आतल्या खोलीत दारामागे उभं राहून एकेकाचं नाव कुजबुजायचं, आणि ज्याला ऐकू येईल त्यानं चवड्यांवर चालत आपल्यापाशी यायचं. गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी दारामागे गेले, अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर वर्गातली सगळ्यात वात्रट पोरगी माझ्यासमोर उभी. अगं, मी कुठं बोलावलं तुला, म्हटलं, तर म्हणते कशी, “तू नाही काही, त्या बाईंनी.” मला वाटलं, लबाडी करतेय. तेवढ्यात दुसरा आला. मग तिसरी. सोळाच्या सोळा मुलं एकामागून एक आली आणि मी एक अक्षर उच्चारलं नव्हतं. लक्षात घे, यातल्या एकाही मुलानं बाईंचा आवाज कधी ऐकलेला नाही. ही सगळी आली तेव्हा तो गेलेलाच होता.

मी खेळ बंद करून टाकला. तिसऱ्या दिवशी मुलांनीच आपापलं साहित्य जागच्या जागी ठेवलं, भिंतीशी ओळीनं बसली आणि डोळे मिटले. मी सांगितलं नव्हतं. आपणहून गप्प बसलेली सोळा मुलं तू कधी पाहिली आहेस? एकेक जण उठून आतल्या रिकाम्या खोलीत जाऊ लागला. मी जीव कानांत आणून उभी होते. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. सगळ्यांत शेवटी राहिली एक तीन वर्षांची मुलगी. चार महिन्यांत तिनं वर्गात तोंडातून शब्द काढलेला नाही. तिची आई डॉक्टरांचे उंबरे झिजवून थकली. ती दारापर्यंत गेली, वळली आणि माझ्याकडे बघून अगदी स्वच्छ म्हणाली, “अजून एक राहिलीय. टिटवी येत नाहीये.”

सखे, टिटवी म्हणून तुला जगात एकच माणूस हाक मारायचं, आणि तेही घरात, लाडात आल्यावर. तुम्हा दोघींखेरीज ते नाव फक्त मला ठाऊक. या भिंतींत मी ते कधी उच्चारलेलं नाही. मी धावतच वर गेले. मावशी म्हणाल्या, “रोज याच वेळेला असं करतात हो. दाराकडे तोंड करतात नि ओठ हलवत राहतात. तहान लागली असेल म्हणून पाणी देते, तर घेत नाहीत.” मी कान त्यांच्या ओठांना टेकवला. नुसता श्वास येत होता.

आता जे अकरा वर्षं गिळून बसले ते लिहिते. तू गेलीस त्या सकाळी बॅग घेऊन वर्गाच्या दाराशी आली होतीस. आदल्या दिवशी तुमचं कडाक्याचं भांडण झालेलं. बाई दारामागे मुलांची नावं घेत होत्या. मी बाहेर येऊन तुला सांगितलं, की बाई म्हणताहेत मध्ये येऊ नकोस, जायचं तर जा. बाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. तू आली आहेस हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि मी ते कधी कळू दिलं नाही. मुलगी न सांगता गेली, असंच त्या धरून बसल्या. मला आई नव्हती गं. तुला होती आणि तू तिला टाकून निघाली होतीस. तू गेलीस की बाई माझ्या होतील, वर्ग माझा होईल, असं त्या क्षणी मनात आलं. झालंही तसंच. काल मी त्यांच्या उशाशी बसून हे सगळं सांगितलं. त्यांनी आपला चांगला हात माझ्या हातातून काढून घेतला. आज मुलं पुन्हा ओळीनं बसली. पंधरा मिनिटं झाली, तरी एकही उठलं नाही. कुणाला हाकच आली नाही. शेवटी त्या न बोलणाऱ्या मुलीनं माझं बोट धरून मला जिन्यापाशी नेलं आणि ती वर बघत राहिली. वर बाईंचे ओठ मिटलेले आहेत. डोळे मात्र सताड उघडे, दारावर खिळलेले. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. माझं तोंड बघायचं नसेल तर मी त्या दिवशी घरी थांबेन, किल्ली मावशींकडे असेल. पण ये.

तसं लिहायचा हक्क उरला नसला तरी,
तुझीच