ट्रकची साखळी

मंगळवार, १२ मार्च १९७४. सोलापूर.

आज दत्तू पडला. गिरणी सुटली की पुलाच्या चढाला आम्ही पायडल मारत नाही. हळू जाणाऱ्या ट्रकची मागची साखळी धरायची, सायकल आपोआप वर जाते. दत्तू माझ्याच गावचा, महिन्यापूर्वी आलेला. त्याला हे मीच शिकवलं. आज तो भीत होता. मी म्हणालो, "धर की लेका, नव्या नवरीवानी काय लाजतोस!" त्यानं धरली. ट्रकनं खड्डा चुकवला आणि दत्तू सायकलीसकट आपटला. मी साखळी सोडली म्हणून वाचलो.

ड्रायव्हर म्हातारा. आपणहून थांबला, पळत आला. सायकलवाल्यांनी त्यालाच धरलं. "आमी काय मुंग्या हाय व्हय रं?" म्हणत मारायला लागले. तो म्हणत होता, "मागचं मला दिसत न्हाय, बाबांनो." मग त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. तळव्याला साखळीचा तांबडा गंज. मी हात खिशात घातला. का घातला? त्यानं बोट दाखवलं असतं तर गर्दी माझ्यावर उलटली असती. दाखवलं नाही. मार खात राहिला.

हात तीनदा धुतला. गंज गेला, तरी तळवा बघतोय.

दवाखान्यात दत्तूच्या पायाला प्लास्टर. हळूच म्हणाला, "तुजं नाव न्हाय घेतलं म्या. ट्रकनंच उडवलं म्हणून पोलिसाला सांगितलं." वर हसला.

म्हातारा चौकीत बसलाय. सकाळी पाळीच्या आधी जाऊन खरं सांगायचं ठरवलंय. आत्ता ठरवलंय. सकाळचा मी कसा असेन, त्याचा भरवसा नाही.