मोहरीच्या वाटीतला खिळा

मी, जयराम सहादू वाडिले, वय वर्षे ६९, धंदा पूर्वी मनमाडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर आणि सध्या मासेमारी, राहणार गंगापूर, तालुका व जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि दारू न पिता लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. या बाबतीत माझी पत्नी मालनबाई हिचं मत वेगळं आहे. ते जोडलेलं नाही.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी पुष्कळ केली. जावयाला तीनदा आणि धाकट्या भावाला दर दिवाळीला बेदखल केलं. ती सगळी रद्द समजावीत.

कलम पहिले. राहतं घर, मागच्या पडवीसह, मालनबाईकडे जावं. कागदावर माझं नाव असलं तरी या घरात मला खिळा ठोकायचा तर तिला विचारावं लागतं, तेव्हा कायद्याने फक्त वस्तुस्थिती मान्य करायची आहे. तिच्यामागे घर आमची मुलगी लता हिचं. पोस्टातलं पासबुकही लताचं.

कलम दुसरे. लताचे यजमान, आमचे जावई खंडेराव, राहणार चांदवड, कांद्याचे व्यापारी, यांनी १९८१ सालच्या खंडेनवमीला माझ्या होडीच्या मशीनची पूजा केली. हत्यारांची पूजा करावी, त्याला माझी ना नाही. पण यांनी नारळ मशीनवरच फोडला आणि पाणी कार्बोरेटरमध्ये गेलं. पुढे चार दिवस मशीन खोकत होतं. विचारलं तर म्हणाले, देवाला चालतं ते मशीनला का चालू नये. सबब जावईबापूंना माझं सागवानी वल्हं द्यावं. वल्ह्यात पाणी गेलं तरी काही बिघडत नाही.

कलम तिसरे. हे मोठं आहे. वाचणाऱ्याने आधी पाणी पिऊन घ्यावं.

माझ्या मालकीची एक लाकडी होडी आणि तिच्या मागे लटकवायचं एक पेट्रोलवरचं मशीन आहे. मशीन मी १९७५ साली, निवृत्त झालो त्याच महिन्यात, देवळालीच्या एका बंगल्याचं सामान विकायला निघालं तेव्हा घेतलं. तेव्हाच ते वीस वर्षांचं होतं. त्यावरचं कंपनीचं नाव पुसून गेलेलं, म्हणून लोक विचारायचे, कोणत्या कंपनीचं? मी सांगायचो, आता माझ्या. गंगापूर धरणावरचे बाकीचे मासेमार वल्ह्याने जात, मी मशीनने जात असे. ते माझ्याआधी पोचत, कारण माझा सकाळचा वेळ मशीन सुरू करायची दोरी ओढण्यात जाई. अशीच एकदा दोरी ओढताना माझं कोपर लागून आमच्या मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी झुंबर सोनवणे यांचा पुढचा दात गेला. त्यांनी मागे उभं राहायला नको होतं, असं माझं आजही मत आहे.

मशीन ज्याच्याकडे जाईल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. सहा लिटर पेट्रोलला पाव लिटर ऑइल, आणि ते टाकीत ओतण्याआधी डब्यात हलवून घ्यावं. या मशीनला ऑइल वेगळं पोचत नाही, पेट्रोलबरोबर जाईल तेवढंच. नुसतं पेट्रोल घातलं तर ते छान पळतं आणि मग कायमचं बसतं. प्लग दर आठवड्याला काढून पुसावा. पावसाळ्यात मशीन पडवीत उभं टांगावं, आडवं टाकू नये. होडीला वैशाखात डांबर, आणि फटींत कापूस भरताना जुन्या गादीचा चालेल, पण ती गादी घरातल्या माणसाच्या अंगाखालची नसावी. हे मालनबाईच्या सांगण्यावरून लिहिलं.

आता पंख्याच्या पिनेबद्दल. पाण्यातला पंखा एका छोट्या पिनेने दांड्याला अडकवलेला असतो. पिन पितळेची हवी. पंखा दगडाला आपटला की पिन तुटते आणि आतला गियर वाचतो. मग दुसरी पिन घालायची, पाच मिनिटांत पुन्हा चालू. मशीन बनवणाऱ्याने मुद्दाम एक जागा तुटण्यासाठी ठेवलेली आहे. बत्तीस वर्षं फिटर असून मला हे कधी पटलं नाही. शेडमध्ये आम्ही जे बनवलं ते तुटलं तर मेमो मिळायचा. इथे तुटलं तर शाबासकी, ही कसली रीत?

१९७९ च्या वैशाखात धरणाचं पाणी खाली गेलं. तेव्हा बुडालेल्या गावाची विहीर वर यायला लागते, काठ पाण्याखाली हातभर असतो आणि दिसत नाही. माझा धाकटा भाऊ वाल्मीक माझी होडी घेऊन गेला आणि त्या काठावर चढला. पिन तुटली नाही. गियर तुटला. वाल्मीक दोन मैल वल्हवत परत आला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सोसायटीची वार्षिक सभा होती. मी मशीन न उघडताच उभा राहिलो आणि चाळीस माणसांसमोर सांगितलं की वाल्मीकने पितळेच्या पिनेऐवजी लोखंडी खिळा ठोकला, मशीनला खीळ घातली, याला आजपासून खिळ्या म्हणा. सभा खूप हसली. दात नसलेले सेक्रेटरी सगळ्यांत जास्त हसले. वाल्मीक उभा राहून एवढंच म्हणाला, "दादा, म्या खिळा घातला नाय. व्हतं तसंच चालवलं." त्यावर आणखी हसले.

सोमवारी गियर दुरुस्त करायला मी मशीन उघडलं. पंख्यातून जो तुकडा निघाला तो पोलादी होता, आणि त्याची दोन्ही टोकं कानशीने गोल केलेली होती. मला तेव्हाच आठवलं. पिना सारख्या तुटतात म्हणून वैतागून मीच आदल्या आठवड्यात जुन्या ड्रिलचा तुकडा कापून घातला होता. मजबूत काम केलं म्हणून त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या होत्या.

मालनबाई शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. तिने तुकडा हातात घेतला, उन्हात धरला आणि म्हणाली, "दोन्ही टोकं कशी गोल घासलीत. वाल्मीकभावजींना कानस धरता तरी येती का?" मी म्हटलं, तू तांदूळ निवड. तिने तुकडा परत दिला नाही.

तो तुकडा गेली सात वर्षं आमच्या मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत आहे. रोज फोडणीच्या वेळी ती तो बाहेर काढून ओट्यावर माझ्यासमोर ठेवते, मोहरी तेलात टाकते आणि तुकडा पुन्हा आत ठेवते. बोलत काही नाही. रेल्वेत मी वरिष्ठांची पुष्कळ बोलणी खाल्ली, पण असा मेमो मला कोणी दिला नाही.

मी सांगायला हवं होतं. रोज ठरवत होतो, उद्या सांगू. पण खिळ्या हे नाव माझ्यापेक्षा वेगाने धरणाच्या चारी बाजूंना पोचलं. वाल्मीकची पोरं शाळेत खिळ्याची पोरं झाली. सोसायटीने जाळ्यांच्या खरेदीवर त्याला नेमायचं होतं, ते नेमलं नाही. कोणीतरी म्हणालं, तो खिळे आणेल. मी त्या बैठकीला हजर होतो आणि चहा पीत होतो.

१९८३ साली त्याच्या मुलीला, अक्काला, वणीहून पाहुणे बघायला आले. वाटेत त्यांनी वाल्मीक वाडिल्यांचं घर विचारलं, तर लोकांनी विचारलं, कोणता, खिळ्या का? मुलाच्या बापाने चहा घेताना वाल्मीकला सरळ विचारलं, हे नाव कसं पडलं? मी समोरच बसलो होतो, मुलीचा मोठा काका म्हणून, फेटा बांधून. वाल्मीकने माझ्याकडे बघितलं नाही. तो म्हणाला, "ल्हानपणी पायात खिळा गेला व्हता. तव्हापासून म्हणत्यात." सोयरीक जमली. मी पेढा खाल्ला.

त्याने मला कधी जाब विचारला नाही. आम्ही सात वर्षं एकमेकांशी बोललो नाही, त्यातली रुसण्याची सगळी मेहनत मीच केली. त्याची तक्रार फक्त एकदा ऐकली, तीही शेजारणीकडून: दादाला म्हणावं, मशीन तरी नीट चालतंय ना.

तेव्हा असं जाहीर करतो की तो खिळा माझा होता. मी केला, मी घातला आणि मी लपवला. होडी, मशीन, पाने, कानस आणि पितळी पिना ठेवलेली तपकिरीची डबी हे सर्व माझा भाऊ वाल्मीक सहादू वाडिले याला द्यावं. खिळ्या हे नाव त्याच्याकडून काढून घेऊन माझ्या नावावर करावं. म्हणजे ती नाव वाल्मीकला आणि ते नाव मला. माझ्या दहाव्याला हे कलम सोसायटीच्या लोकांसमोर मोठ्याने वाचावं.

पुरवणी, त्याच दिवशी. वरचा मजकूर मी मालनबाईला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुमच्या दहाव्याला? भावजींच्या छातीत गेल्या महिन्यात दोनदा कळ आली. ते आधी गेले तर त्यांच्या दहाव्याला काय वाचणार?"

वाल्मीकला कळ आल्याचं मला माहीतच नव्हतं.

सबब कलम तिसरे माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून लागू आहे. आज रविवार आहे आणि चार वाजता सोसायटीची सभा आहे. मी स्वतः हा कागद घेऊन जाणार आणि उभा राहून वाचणार. मालनबाईने मोहरीच्या वाटीतून तुकडा काढून, धुऊन, माझ्या सदऱ्याच्या खिशात घातला आहे. कोणाला हसायचं असेल तर आधी हसून घ्यावं.

स्थळ: गंगापूर, नाशिक. दिनांक ९ नोव्हेंबर १९८६.

सही: जयराम सहादू वाडिले ऊर्फ खिळ्या

साक्षीदार: भागीबाई रंगनाथ तमखाने, शेजारीण. निशाणी डाव्या अंगठ्याची.

साक्षीदार: झुंबर लहानू सोनवणे, सेक्रेटरी. सहीतला शेवटचा शब्द लिहिणाऱ्याने सभेत कागद वाचून झाल्यावर माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने लिहिला. खाडाखोड नाही. मी हसलो नाही.