वायरीतला दाणा

केनवड,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. निकिता,
आशीर्वाद. मी बरा आहे, म्हणजे गुडघा सोडून. कालपासून फोन करतोय, तू उचलत नाहीस म्हणून अकोल्याच्या पत्त्यावर कागद पाठवतोय. तूर फुलावर आली आहे. आपल्या सेवा केंद्रातल्या तुझ्या खुर्चीवर मांजरीने कब्जा केला आहे. मी तिला उठवत नाही.

केंद्र मात्र असून नसल्यासारखं. दसऱ्यापासून कॉम्प्युटरला अंगठ्याची मशीन दिसतच नव्हती. त्यात नोव्हेंबर, म्हाताऱ्यांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. रुपाबाई तीनदा येऊन परत गेली. आलेल्यांना रिसोडला पाठवायचं आणि बसून राहायचं. संध्याकाळी कुलूप लावताना लक्षात यायचं की दिवसभरात कुणाशी धड बोललोच नाही.

मशीन दिसली नाही तर काय करायचं, हा तू भिंतीवर चिकटवलेला कागद पाठ झाला. वायर काढून दहा आकडे मोजा. मागच्या बाजूला लावून बघा. कॉम्प्युटर बंद करून चालू करा. ड्रायव्हर पुन्हा टाका. या ड्रायव्हरने माझे दोन दिवस खाल्ले. पाचवं, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. देवमनच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेलो, तिथेही दिसेना. म्हणजे दोष मशीनचाच, आणि मशीन तूच पाडली असणार, असं स्वतःला पुन्हा एकदा समजावलं. खरं सांगतो, बरं वाटलं.

काल वायरीचं टोक पुसताना आत काहीतरी लाल दिसलं. तुझ्या आईच्या डब्यातल्या सुईने उकरलं. तांदळाचा अर्धा दाणा निघाला, कुंकू लावलेला. तेवढ्यामुळे वायर अर्धवटच बसत होती.

दसऱ्याला सगळ्या वायरी काढून पाटावर मांडल्या त्या मी. तू म्हणालीस, "बाबा, मशीनवर अक्षता नोका टाकू, आत जातात." आईच्या माघारी पूजा तरी नीट होऊ दे, म्हणून मी तुझ्यावरच डाफरलो. दुसऱ्या दिवशी मशीन चालेना, तर रांगेतल्या आठ माणसांदेखत म्हणालो, "तुनंच पाडली. आता तिले हात नोको लावू." तू एकदाच म्हणालीस, "म्या नाई पाडली," आणि बॅग भरलीस. मी अडवलं नाही.

आज वायर पूर्ण आत गेली. मशीनचा दिवा लागला. रुपाबाईचा अंगठा पहिल्याच वेळी उमटला. हात पुसत तिने विचारलं, "भाऊ, पोरगी काहून दिसून नाही राह्यली?"

इतके दिवस सगळ्यांना सांगत होतो की तू कोर्सला गेलीस. आज बाकावर त्या दिवशीचेच सहा जण होते. म्हटलं, "तिची काई चूक नव्हती. अक्षता म्या टाकल्या अन् बोल तिले लावला. तुमच्यासमोर बोललो, म्हणून तुमच्यासमोरच सांगतो."

रुपाबाई म्हणाली, "आमाले कायले सांगता? तिले सांगा."

म्हणून हे पत्र. माझं चुकलं, बेटा. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा होता. अकोल्यातली नोकरी सोडून ये असं म्हणत नाही. घर फार मोठं वाटतं, एवढंच.

तुझ्या कागदावर सहावी ओळ आहे: 'एवढं करूनही नाही दिसली तर मला हाक मारा.' पाचपर्यंत सगळं केलं, सहावं तेवढं टाळलं. आता मशीन दिसते, तरी हाक मारतोय.

निकिता.

तू ओ देईपर्यंत इथेच बसलेला,
तुझा बाबा