पाठीवर तीनदा टकटक

४ मार्च

आजही हरले! मुलाला फोन लावायला गेले, तर काचेला माझं बोटच कळेना. जन्मभर सुया-कात्र्या धरून बोटांची टोकं पार दगड झालीयत. दाबलं, चोळलं, पदराला पुसून पाहिलं — ढिम्म. शेवटी त्याचाच फोन आला. "आई, साधा फोन तुला लावता येत नाही. उद्या पडलीस-बिडलीस तर? या महिन्यात जमलं नाही तर मशीन विकायची आणि माझ्याकडे यायचं."

मशीन विकायची म्हणे! त्याच्या शाळेच्या चड्ड्यांपासून लग्नाच्या कोटापर्यंत सगळं तिच्यावरच शिवलंय. लग्न टिकलं नाही, पण कोटाची शिवण अजून शाबूत आहे.

५ मार्च

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. म्हणाला, "काकू, काच सोडा. फोनच्या पाठीवर टकटक करायचं. दोनदा केलं की टॉर्च, तीनदा केलं की मुलाला फोन. लावून देऊ?" म्हटलं, नको, कसं करायचं ते दाखवा फक्त. दुसऱ्यानं लावून दिलेलं बिघडलं की पुन्हा त्याचेच पाय धरायचे.

घरी येऊन सेटिंग्ज उघडलं — करंगळीनं! तिनं कधी सुई धरली नाही, त्यामुळे ती अजून मऊ आहे. दोनदा भलतंच काहीतरी सुरू झालं, मीही हटले नाही. मग टकटकटक, आणि पलीकडे मुलगा, "आई?" म्हटलं, "पडले नाही, हे सांगायला केला." आणि ठेवून दिला. फार बरं वाटलं.

७ मार्च

फोनला कव्हर शिवलं. आत चांगला कापूस भरला. देखणं झालंय.

८ मार्च

टकटक बंद! ठोकून ठोकून हात दुखला. दुरुस्तीवाल्याची पायरी चढायची नाही, असं ठरवलंच होतं. मग डोक्यात प्रकाश पडला — ठोका कापसातच मुरतोय. शहाणीच मी! सगळं उसवलं, एकेरी कापडाचं केलं. लागला फोन.

११ मार्च

नवीनच खूळ. जीन्सची दुमड शिवत होते, तर मशीनवर ठेवलेल्या फोनातून मुलाचा आवाज. मी हातसुद्धा लावला नव्हता! जाड कापडावर सुई धाडधाड आपटते आणि फोनला वाटतं, मीच ठोकतेय. "चुकून लागला, ठेव तू," असं ओरडले आणि शिवत राहिले. दिवसभरात पुन्हा पुन्हा लागला असणार. आता मुलगा महिना संपायचीही वाट बघायचा नाही. म्हणेल, बघ, नाहीच जमलं. म्हणू दे. मी काही जायची नाही.

१२ मार्च

भिंतीला खिळा ठोकला, पिशवी शिवली, फोन तिच्यात टांगला. दिवसभर मशीन दणकून चालवली. एकदाही लागला नाही. जिंकले!

१४ मार्च

मुलाचा फोन. "आई, मशीन बंद आहे का? आवाज येत नाही." मी भांडायच्या तयारीतच होते.

तो म्हणाला, "त्या दिवशी तुझा फोन चुकून लागला, तेव्हा मी ठेवलाच नाही. तसाच शेजारी ठेवून काम करत होतो. घरात कुणीतरी आहे असं वाटलं." मग म्हणाला, "तुला एकटीला जमत नाही असं नाही गं. मला जमत नाहीये."

म्हटलं, मशीन हलायची नाही. तूच ये.