आत माझा निबंध आहे

प्रिय भाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमची कंबर कशी आहे? खुर्चीत बसून बसून दुखते म्हणता, तर मधूनमधून उठत जा. धाकट्या जाऊबाईंना सांगा, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुमच्या दादांचा रक्तदाब ताळ्यावर आहे. माझा मात्र कॉलेजच्या पायरीवर पाऊल ठेवलं की चढतो, आणि त्याला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात. ‘वहिनी, अर्धी राहिलेली पदवी पुरी करा, काही विकत घेऊ नका, कॉलेजात सगळी यंत्रं विद्यार्थ्यांच्या दिमतीला असतात,’ हे तुमचेच शब्द. यंत्रं दिमतीला आहेत खरी, पण माझ्या नव्हे, एकमेकांच्या.

कॉम्प्युटरच्या खोलीतलं खिडकीजवळचं एक यंत्र मी धरलं (तिथे पंख्याचा वारा येतो). ‘घरकामाचं मोल’ हा माझा शेवटच्या वर्षाचा निबंध मी रोज त्यावर एका बोटाने टाईप करत होते. यंत्र बंद केलं की आतलं सगळं पुसलं जातं, अशी तिथली व्यवस्था आहे. पुढच्याला कोरं मिळावं म्हणे. ‘पेनड्राइव्हवर घ्या ना काकू,’ असं वर्गातल्या मुली म्हणाल्या, पण एवढ्याशा वस्तूवर इतक्या वर्षांचे विचार ठेवायला माझं मन धजेना (मी चष्मा कुठे कुठे विसरते, ते तुम्हाला ठाऊक आहे). मी आपली पडद्याच्या चौकटीवर चिठ्ठी चिकटवली, ‘बंद करू नये. आत माझा निबंध आहे.’ आठवडाभर सगळ्या कॉलेजाने त्या चिठ्ठीचा मान राखला. झाडणाऱ्या बाईसुद्धा तिथे जपून हात चालवत.

काल वाटलं, एकदा कागदावर वाचून बघावं. प्रिंटचं बटण दाबलं. शेजारचा प्रिंटर ढिम्म. पुन्हा दाबलं. तुमचे दादा तरी पहिल्या हाकेला कधी उठतात? त्याच सवयीने मी दाबत राहिले. कागद निघत होते ते दोन मजले वर, प्राचार्यांच्या खोलीत! शेवटी तिथलं यंत्र कागद चावून बसलं, प्राचार्यांनी तंत्रज्ञाला फोन केला, आणि त्या शहाण्याने काय बिघडलंय ते बघायच्या आधी कॉलेजातली झाडून सगळी यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली. माझी चिठ्ठी जागेवर होती. निबंध नव्हता.

प्राचार्यांनी गठ्ठा परत पाठवला, वर ‘छान लिहिलं आहे’ असा शेरा मारून. तो घेऊन मी आमच्या प्राध्यापिकेकडे धावले. त्या म्हणाल्या, कागद चालणार नाही, सोमवारी दुपारपर्यंत कॉलेजच्या वेबसाइटवर चढवा, नाहीतर वर्ष गेलं समजा. पुन्हा टाईप करावं म्हणून ग्रंथालयातून लॅपटॉप मागितला. तो मिळतो, पण ग्रंथालयाबाहेर न्यायचा नाही. चार्जर बाहेरच्या खिडकीवर मिळतो, पण आत आणायचा नाही (वायरीत पाय अडकतात म्हणे). दोन पानं होताहेत तोच लॅपटॉपने मान टाकली. तुम्हाला चार शब्द सुनावायला फोन काढला, तर त्याचीही बॅटरी गेलेली. जिन्याखाली मोबाइल चार्ज करायचे कुलूपबंद कप्पे आहेत. आत ठेवून दार लावल्यावर कळलं की कुलूप उघडायचा नंबर मोबाइलवर येतो. म्हणून हे पत्र. शेजारीणबाई तुमच्याच बाजूला निघाल्यात, त्यांच्या हाती देते आहे.

तर हे असं आहे. तुम्ही काही करावं असं मुळीच नाही, नुसतं कानावर घातलं. कंबरेला जपा.

तुमची वहिनी

ता.क. उद्या रविवारी सकाळी तुमचा लॅपटॉप घेऊन या. दादांना सांगा, मिक्सर बघायला आलोय. त्यांच्या फोनवरून बोलले असते, पण ते समोरच बसलेत, आणि ‘या वयात कशाला हा उपद्व्याप’ हे वाक्य त्यांनी तयार ठेवलंय. पहिल्यांदा वर्ष बुडालं ते या घरात लग्न होऊन आले म्हणून. आता पुन्हा बुडालं तर मला फार लागेल, भाऊजी.

आणखी एक. टाईप मीच करणार. तुम्ही हात लावायचा नाही, नुसतं शेजारी बसायचं. शाळेत असताना तुम्ही गणितं घेऊन माझ्याजवळ बसायचात आणि तेच तेच चुकून रडकुंडीला यायचात, तेव्हा मी एकदाही ‘सोपं तर आहे’ असं म्हटलं नव्हतं.