कागदाखालची रेकॉर्ड

रविवार, ६ ऑक्टोबर १९९१

हा ड्रेस्डेनचा हेन्रिक माझ्या मुळावर उठणार! काल रात्रभर तळघरातल्या क्लबात रेकॉर्डी लावून घाम गाळला मी, आणि सकाळी याने येऊन एकच रेकॉर्ड लावली. भिंतीला टेकून बसलेली माणसं उठून मधे आली. सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव.

रेकॉर्ड कुणाची ते बघायला वाकलो, तर लेबलवर कागद चिकटवलेला. आपण काय वाजवतो ते दुसऱ्या डीजेला कळू नये, म्हणून ही युक्ती मी काढली होती — आणि त्याला शिकवलीही मीच.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

तळघराची मालकीण गुड्रुन म्हणाली, "लोटार, शनिवारची रात्र यापुढे एकाच डीजेला देणार. महिनाअखेर सांगते." तोंडावर हसू ठेवून सांगितलं, हे विशेष.

दोन वर्षं तिचा शनिवार मी सांभाळला. तो गेला तर स्पांडाऊला पापांच्या दुकानात टाइल्स विकायच्या. पापा वाटच बघताहेत.

रविवार, १३ ऑक्टोबर

पुन्हा तीच रेकॉर्ड, पुन्हा तोच धिंगाणा. "कुणाची रे?" विचारलं. "गंमत आहे," म्हणाला. गंमत! या माणसाला वेगाचं बटण कळत नाही. संथ रेकॉर्डीसुद्धा जलद लावतो, आणि लोक त्याला प्रतिभा म्हणतात.

बुधवार, १६ ऑक्टोबर

मीही एक रेकॉर्ड काढली होती. गेल्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरात यंत्रं मांडून. संथ, गंभीर, विचार करायला लावणारी. लेबलं छापणं परवडेना, म्हणून पापांच्या दुकानाचा रबरी शिक्का मारला. गुड्रुनने ऐकली. म्हणाली, "छान आहे. लोकांना बाथरूमला जाऊन यायला वेळ मिळेल."

रेकॉर्डींची खोकी जुन्या बाजारात देऊन टाकली. त्यानंतर काही केलं नाही. लोकांची तयारी नव्हती, दुसरं काय.

रविवार, २० ऑक्टोबर

आज कान देऊन ऐकली. नक्की डेट्रॉईटची, जिथे हे संगीत जन्मलं तिथली. असलं काही इथल्या माणसाला सुचणं शक्य नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

शनिवार हेन्रिकला.

"त्या एका रेकॉर्डने ठरवलं रे," गुड्रुन म्हणाली आणि माझ्यापुढे फुकट बिअर ठेवली. दोन वर्षांत पहिली. काही वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण इथे कुणाला फसवू? फार वाईट वाटलं.

पापांना फोन केला. "उद्या आठला ये," म्हणाले. "तो काळा टी-शर्ट घालून नको."

सोमवार, २८ ऑक्टोबर

पांढरा शर्ट घातला. दुपारी दुकानाचं दार उघडलं — हेन्रिक! मी टाइल्सच्या खोक्यांमागे बसलो. त्याच्या हातात तीच रेकॉर्ड, कागद काढलेला. पापांना म्हणाला, "काका, हा शिक्का तुमचाच ना? जुन्या बाजारात मिळाली. ही कोणी केली ते विचारायला आलोय. त्याच्याकडून शिकायचंय मला."

पापांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं, "रुडोल्फ ग्रेव्ह आणि मुलगा. बाथरूमच्या टाइल्स."

मग खोक्यांकडे वळून म्हणाले, "लोटार, ऊठ. तुझं गिऱ्हाईक आहे."