नऊ गुरुवार

कॅमस, वॉशिंग्टन
३ फेब्रुवारी २०१९

चि. आइला हिस, अ. उ. आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? माझं जुनंच रडगाणं. मी राहतो नदीच्या अलीकडे, इथं पगारावर कर नाही. कामाला जातो पलीकडे, पोर्टलंडच्या वर्कशॉपात. त्या ऑरेगनात कर आहे, पण जितके दिवस तिथं राबलो तितक्याच दिवसांपुरता. २०१७ साली काम २३१ दिवस: १४८ तिकडे, ८३ इकडे घरी नकाशे काढत. सल्लागार ठेवला नाही. नियमांचं पुस्तक तीनदा वाचून फॉर्म मीच भरला आणि कुणी न मागता पेट्रोलच्या पावत्याही जोडल्या.

तिथंच अडकलो. नऊ पावत्या निघाल्या तुमच्या अस्टोरियाच्या. ऑरेगनवाले विचारतात, या नऊ गुरुवारी घरी काम करत होतो म्हणता, मग आमच्या राज्यात कशाला आला होतात?

आईकडे आलो होतो, तू शाळेत शिकवायला गेलेली असताना. वर्कशॉपातून सुटका होत नाही असं तुला फोनवर सांगायचो, ते खोटं होतं. नकाशे परतल्यावर काढले. आई आल्यागेल्याचं नाव कॅलेंडरवर टिपायची. तिनं माझं लिहिलं असेल तर मी कामाला नव्हे, भेटीला आलो हे सिद्ध होतं. ते पाठव. पण लिहिलंय का, ते आधी कळव.

घरच्यांना आठवण सांग. माया आहे तशी राहू दे.
आर्वो


अस्टोरिया, ऑरेगन
९ फेब्रुवारी

ती. आर्वोदादास, सा. न. वि. वि.

खोकला आहेच. आई कुणाला ओळखेनाशी झाली आणि तू फिरकलाही नाहीस, म्हणून दीड वर्ष तुझ्यावर राग धरला. दफनाच्या दिवशीही धड बोलले नाही. तो राग आता कुठं नेऊन टाकू, तेही तुझ्या पुस्तकात बघून सांग.

कॅलेंडर सापडलं. १४ सप्टेंबर ते ९ नोव्हेंबर, नऊही गुरुवार पाहिले. तुझं नाव नाही, दादा. दर गुरुवारी एकच शब्द: प्लंबर. मी तर कधी प्लंबर बोलावला नव्हता.

शेवटच्या गुरुवारी मात्र जास्त लिहिलंय: "प्लंबर आला. कॉफी घेतली, दोन पुल्ला, गोड पाव, खाल्ले. आर्वोसारखा हसतो."

पानं सोबत जोडली आहेत. जेवणाची हयगय करू नकोस. ममता असू द्यावी.
तुझी आइला


कॅमस
१५ फेब्रुवारी

चि. आइलास आशीर्वाद.

पहिल्या गुरुवारी दार उघडून आई म्हणाली, बरं झालं आलात, नळ आत आहे. मी कोण ते सांगायचं धाडस झालं नाही. नळ चांगला होता. नऊ वेळा तोच उघडला, पुसला, परत बसवला. हे तुला फोनवर कसं सांगणार होतो?

काल ऑरेगनला उत्तर धाडलं. नऊ दिवस त्यांच्या खात्यात टाका म्हटलं. आता ८३ चे ७४ झाले आणि १४८ चे १५७. मी त्या नऊही दिवशी त्यांच्या राज्यात कामावर होतो, तसं आईनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. तिला खोटं पाडणारा मी कोण?

त्यांना झेरॉक्स पुरते. शेवटच्या गुरुवारचं मूळ पान मी परत पाठवणार नाही. रागाबद्दल पुस्तकात काही नाही. येत्या गुरुवारी येतो. नळ बघायचा आहे म्हणून घरी थांब.

लोभ कमी करू नकोस.
आर्वो